वहीतला तिसरा रकाना

मोजणीतलं चालणं सगळ्यांना दिसतं. वनहक्क समितीची माणसं, गावातली चार पोरं, आला असेल तर बीटगार्ड आणि हातात यंत्र धरलेली मी, असा घोळका धुऱ्याधुऱ्याने फिरून आला की गावाच्या लेखी मोजणी झाली. खरं तर तेव्हा ती अर्धीच झालेली असते. उरलेली अर्धी रात्री, कुणाच्या तरी ओसरीवर, वीज असेल तोवर. यंत्रातली टिपणं लॅपटॉपवर उतरवायची, नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि सकाळी चाललो ती रेघ पडद्यावर नीट उमटली का ते पाहायचं. हे काम बघायला कुणी थांबत नाही. संस्थांमध्ये ते ‘डेटा उतरवणं’ म्हणून ओळखलं जातं आणि सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. माझ्याही पडलं. पुढे मी जुनी झाले तरी ते दुसऱ्याकडे दिलं नाही, कारण जमिनीचा कागद खरा की खोटा ठरतो तो या टप्प्यावर, हे तोवर कळून चुकलं होतं.

मी काम केलं ते गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा-कोरचीच्या बाजूला. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. २००६चा वनहक्क कायदा २००८च्या सुरुवातीपासून अमलात आला आणि १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला त्या जमिनीवर हक्क सांगता येऊ लागला. प्रत्यक्ष ताबा असेल तेवढाच, आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. त्याच कायद्याने गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलावर सामूहिक हक्क मागण्याचीही वाट मोकळी केली. शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला, तेव्हा आमच्याकडच्या ग्रामसभाही कामाला लागल्या. दाव्यासोबत नकाशा लागतो. सरकारी मोजणीदाराची वाट पाहत बसलं तर हंगामामागून हंगाम जातात. म्हणून हातात मावणारं जीपीएस आलं.

आमचं पहिलं यंत्र पिवळं होतं, गार्मिनचं ईट्रेक्स. करडा पडदा, दोन पेन्सिल सेल. त्यात ५०० टिंबं साठवता यायची आणि प्रत्येक टिंबाला नाव द्यायचं तर सहा अक्षरांत, तेही रोमन लिपीत. केबलचं एक टोक यंत्राच्या पाठीला, दुसरं टोक नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमध्ये. पण लॅपटॉपवरून तो पोर्ट तोवर गेलेला होता. मग मध्ये यूएसबीचा अडॉप्टर आला, अडॉप्टरसाठी ड्रायव्हर आला आणि ड्रायव्हरसाठी तालुक्याच्या गावी जाऊन इंटरनेट शोधणं आलं. लॅपटॉपने पोर्टला कोणता क्रमांक दिलाय, दोन्हीकडे वेग ९६००च आहे ना, यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘गार्मिन’ निवडलंय की दुसरंच काही, एवढं सगळं जुळलं की मग जीपीएसबेबल हा मोफत प्रोग्रॅम यंत्रातली टिपणं जीपीएक्स फाइलीत ओतून द्यायचा. पुढची यंत्रं थेट यूएसबीवर चालणारी आली. ती पेनड्राइव्हसारखी उघडतात आणि फाइल ओढून घेतली की झालं. केबलचा त्रास संपला, आणि केबलशी ज्याचा काही संबंध नव्हता तो त्रास मागे उरला.

नव्याने कामाला आलेल्या मुलांना मी आधी जीपीएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडायला लावते. नकाशा नंतर. २००२ साली आलेली ही फाइलपद्धत, तिची १.१ ही आवृत्ती २००४ची, आणि आजही तीच चालते, कारण ती साधी आहे. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. पुन्हा अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. हजारो ओळी याच. मुलं खाली-वर सरकवत राहतात आणि थोड्या वेळाने कुणीतरी विचारतं, ‘ताई, यात माणसाचं नाव कुठं आहे?’ नाही. कुणाचं शेत, कुणाचा धुरा, शेजारी कबूल झाला की भांडून निघून गेला, यातलं या फाइलीत काहीही नाही. तिच्यात येते ती फक्त यंत्राची वाट. नोटपॅड उघडायला लावायचं ते एवढ्यासाठीच.

जे आहे तेही जसंच्या तसं वाचता येत नाही. वेळ ग्रीनिचची असते. सकाळी साडेदहाला मोजलेलं शेत फाइलीत पहाटे पाचचं दिसतं. एका बैठकीत तपासणीला बसलेल्या साहेबांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं: पहाटे पाच वाजता एवढे पंच शेतात हजर होते, असं म्हणायचंय तुम्हाला? साडेपाच तास मिळवून दाखवले तेव्हा ते हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. समोरचा कागद जे सांगत होता तेच त्यांनी वाचलं होतं. तेव्हापासून छापील तक्त्यात वेळ आपल्या घड्याळाची घालायची, हा नियम झाला.

आकड्यांचं दुखणं याहून मोठं. एकच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते: अंश-मिनिट-सेकंदात, अंश आणि दशांश मिनिटांत, किंवा सरळ दशांश अंशांत. हातातलं यंत्र बहुधा मधली तऱ्हा दाखवतं. २० अंश ३६.५ मिनिटं. हे कुणी वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्याने एक्सेलमध्ये २०.३६५ असं लिहिलं, की शेत सत्तावीस किलोमीटर दक्षिणेला जातं. खरा आकडा असतो २०.६०८३, कारण मिनिटं साठाची आणि दशांश शंभराचे. अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे पडले तर आमचा सगळा तालुका नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डच्या बर्फात जाऊन बसतो.

त्यानंतरची पायरी यूटीएमची. अंशात क्षेत्रफळ निघत नाही, मीटर हवेत. म्हणून पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याला मीटरची स्वतंत्र चौकट दिलेली असते. महाराष्ट्राच्या अंगावरून ७८ अंशांची रेखा जाते आणि राज्याचे दोन पट्टे होतात. अमरावती ४३व्या पट्ट्यात, यवतमाळ ४४व्या. पुण्या-मुंबईकडून शिकून आलेल्या मुलांच्या हाताला ४३ची सवय असते. आमच्याकडचे आकडे ४३च्या चौकटीत घातले तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते निमूटपणे शेत बरोबर सहा अंश पश्चिमेला नेऊन ठेवतं. कुरखेड्याजवळची धानाची बांधी तशीच्या तशी, आकार न बदलता, नाशिक जिल्ह्यात सटाण्याच्या आसपास उमटते. खाली उपग्रहाचं चित्र लावलं की धानाच्या जागी डाळिंबाच्या बागा.

या चुकांना मी भीत नाही. बर्फात गेलेलं किंवा सटाण्याला गेलेलं शेत कुणालाही दिसतं. झोप उडवते ती न दिसणारी चूक, आणि आमच्या भागात तिची मुळं दोनशे वर्षं मागे जातात. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळून देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि ती उत्तरेकडे नेताना १८२३ साली तो वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला. त्याच्या मागून काम हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीच्या आकाराचं जे माप काढलं, ते भारताला नीट बसेल असं होतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट त्या मापावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या आरंभबिंदूवर बेतलेले आहेत. जीपीएसचं माप वेगळं, डब्ल्यूजीएस ८४, अख्ख्या पृथ्वीला धरून केलेलं. दोन्हीकडे अक्षांश-रेखांशाचा आकडा एकच लिहिलात तरी जमिनीवरच्या जागा दोन निघतात. आमच्याकडे हा फरक दीडशे-दोनशे मीटरच्या घरात जातो.

दोनशे मीटर म्हणजे काय ते कायद्याच्या मापात सांगते. ४ हेक्टरचं चौकोनी शेत म्हणजे २०० बाय २०० मीटर. म्हणजे कायदा देऊ शकतो तेवढं मोठ्यात मोठं शेतही जवळपास अख्खंच्या अख्खं शेजाऱ्याच्या जागेवर सरकतं. आणि ते नकाशावर अगदी पटण्यासारखं दिसतं: जंगल तेच, नालाही जवळच, फक्त शेत नाल्याच्या पलीकडे. वनविभागाच्या कक्षांच्या सीमा पुष्कळदा जुन्या टोपोशीटवरून उतरवलेल्या असतात. त्यांच्यावर जीपीएसची रेघ तशीच ठेवली की दाव्यात लिहिलेला कक्ष क्रमांक एक आणि नकाशात पडणारा दुसरा. मग ‘तफावत’ असा एका शब्दाचा शेरा पडतो आणि फाइल परत येते. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नवे टोपोशीट डब्ल्यूजीएस ८४वर आले, पण कपाटांतले जुने नकाशे काही एका दिवसात बदलत नाहीत. म्हणून कुठलाही नकाशा हातात आला की मी आधी समासातली बारीक अक्षरं वाचते. एव्हरेस्ट हे नाव मला शिखरापेक्षा त्या समासात आणि सॉफ्टवेअरच्या यादीत जास्त वेळा भेटलं आहे.

हे सगळं पुस्तकात मिळतं. नेटाने बसलं तर कुणालाही येतं. रेघ साफ करण्याबद्दल मात्र पुस्तकात लिहिलेलं मला पुरलं नाही.

यंत्र चालू ठेवून आपण चालतो तेव्हा ते काही सेकंदांनी किंवा काही मीटरांनी एकेक टिंब टाकत जातं. उघड्यावर रेघ सरळ येते. गर्द झाडीखाली ती थरथरते, कारण उपग्रहांचा संदेश पानांतून, खोडांवर आपटून येतो. म्हणून जंगलाची हद्द शक्यतो सागाची पानगळ झाल्यावर चालायची. पण चालणारं माणूस थांबलं, तर यंत्र थांबत नाही. उभ्या जागी ते कधी तीन मीटर इकडे, कधी पाच मीटर तिकडे अशी टिंबं टाकत राहतं. लॅपटॉपवर सरळ रेघेत मधेच दोऱ्याचा गुंता पडलेला दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये यावर औषध आहे: रेघ सुलभ करा, इतक्या मीटरांच्या आतलं वळण काढून टाका. एक बटण दाबलं की गुंता गेला. नकाशा देखणा होतो, क्षेत्रफळही सुधारतं. कामाची म्हणून ती साफसफाई करावीच लागते.

एकदा गुंते काढण्याआधी मी टिंबांच्या वेळा त्यांच्याशेजारी छापून पाहिल्या. एका शेताच्या उगवतीच्या कोपऱ्यात आम्ही अर्ध्या तासाच्या आसपास एका जागी उभे होतो. तिथे काय झालं ते मला आठवत होतं. दोन चुलत भावांमध्ये धुरा कुठून जायचा यावर बोलाचाली झाली. नाल्याने एका पावसाळ्यात पात्र बदललं होतं आणि जुना धुरा गाळाखाली गेला होता. कुणीतरी घरून म्हाताऱ्या काकूला घेऊन आलं. ती काठी टेकत आली, एका खुंटापाशी थांबली आणि म्हणाली, ‘इथलून जायचा जी. ह्या मोहाखाली आम्ही शिदोरी खात होतो. झाड तुमच्या बापानंच तोडलं.’ दोघंही गप्प झाले. मग यंत्र पुढे सरकलं.

फाइलीच्या दृष्टीने तो अर्धा तास म्हणजे उपग्रहांची चूक. गावाच्या दृष्टीने त्या दिवसातली खरी मोजणी तेवढीच होती. बाकीचं नुसतं चालणं. त्याच रेघेत आणखी दोन गुंते होते. एक चहाचा, एक बिडीचा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसत होते. कोणता गुंता निवाड्याचा आणि कोणता चहाचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, कारण ते फाइलीत आलेलंच नसतं.

आमच्या वहीत तोवर दोन रकाने होते: टिंबाचा क्रमांक आणि तिथे काय आहे, म्हणजे मोह, बोडीची पाळ, हद्दीचा मुनारा. त्यानंतर तिसरा रकाना आला: कोणी दाखवलं, कोण कबूल झालं. जिथे आम्ही थांबलो तिथे का थांबलो हे त्यात लिहायचं, आणि भांडण मिटलं असेल तर दोन्ही बाजूंची सही किंवा अंगठा तिथेच. पुढे वरच्या समितीसमोर सुनावणी निघाली की अधिकारी नकाशा बघायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, ‘शेजाऱ्याची हरकत?’ तेव्हा उत्तर नकाशात नसायचं. ते तिसऱ्या रकान्यात असायचं.

वही आणि यंत्र जोडणं हीसुद्धा एक उतरवणीच, आणि तिच्याही खोडी आहेत. जुन्या यंत्राची मेमरी पुसली की टिंबांचे क्रमांक पुन्हा ००१पासून सुरू होतात. म्हणून वहीत नुसता क्रमांक पुरत नाही, तारीख हवी. चाललेली वाट यंत्रातच ‘सेव्ह’ केली तर जुनी यंत्रं तिच्यातली बरीचशी टिंबं गाळून टाकतात आणि वेळा पुसतात. गुंतेही गेले, तेही कधीचे होते हेही गेलं. म्हणून सेव्ह न करता चालू नोंद तशीच आधी लॅपटॉपवर घ्यायची, तिची एक प्रत कुलूपबंद ठेवायची आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करायची. मराठी नावांचं तर वेगळंच रामायण. वही पूर्वी कुणीतरी सुरेख किंवा शिवाजी फाँटात टाइप केलेली असायची. ती नकाशाच्या तक्त्यात घातली की गावांची नावं जाऊन परदेशी चिन्हांची रांग दिसायची. युनिकोडमध्ये सगळं पुन्हा बसवलं, तर नकाशा ज्यात साठवतात ती शेपफाइल म्हणायची की रकान्याचं नाव दहा अक्षरांपुरतंच. शिवाय शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हे. चार-पाच फायलींचं कुटुंब. लोक त्यातली एकच मेलवर पाठवतात, आणि कोणत्या मापावर नकाशा केलाय हे सांगणारी नेमकी मागे राहते. आता मी सगळं जिओपॅकेजमध्ये ठेवते. एकच फाइल, नावं मराठीत, रकाने हवे तेवढे लांब.

दावेदाराचा प्रश्न यातला कुठलाच नसतो. त्याचा प्रश्न एकच: ‘माझी किती निघाली?’ त्याला हेक्टर-आर नको असतात, एकर-गुंठे हवे असतात. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १ गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. साखळीच्या मोजणीने आजोबांच्या काळापासून हे गणित हाडीमाशी भिनवलं आहे. सॉफ्टवेअर मात्र क्षेत्रफळ दशांशाच्या चार-पाच घरांपर्यंत देतं आणि त्या लांबलचक आकड्याचा सगळ्यांवर रुबाब पडतो. त्यातले बहुतेक आकडे पोकळ असतात. हातातल्या यंत्राची टिंबं तीन-चार मीटर इकडे-तिकडे पडतात असं धरलं, तर चार कोपऱ्यांच्या हेक्टरभर शेतात चार-पाच गुंठ्यांचा फरक सहज पडतो. शेकड्यात मोजलं तर चारेक टक्के. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात हीच चूक नऊ-दहा टक्क्यांवर जाते. म्हणजे ज्याच्याकडे कमी जमीन, त्याच्या वाट्याला चूक जास्त. लहान शेताचे कोपरे म्हणूनच मी घाईत घेत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर यंत्र धरून थांबायचं, सरासरी घ्यायची आणि शक्य असेल तर टेपने एक बाजू पडताळायची. हे शेतकऱ्याला सांगताना लपवायचं नाही. ‘दादा, दीड एकराच्या आसपास. दोन-चार गुंठे इकडे-तिकडे होऊ शकतात,’ असं सांगितलं की तो समजतो. धान किती होईल हेही तो असंच सांगत असतो.

यंत्राच्या अचूकपणाचा रुबाब उपग्रहाच्या चित्रांनी आणखी वाढवला. २००५ साली तिथे शेती होती का, हे चित्रात पाहून सांगा, असं म्हणणं सोपं. पण त्या काळातलं सहज मिळणारं लँडसॅटचं चित्र ३० मीटरच्या ठिपक्यांचं. एक एकर जमीन त्यात साडेचार ठिपक्यांची भरते. त्या साडेचारांतले दोन-तीन शेजारच्या झाडीशी मिसळलेले. वर शेतात मोहाची पाच झाडं राखलेली असतील, आणि आमच्याकडे ती राखतातच, तर ठिपका हिरवाच दिसणार. २०१२च्या सुधारित नियमांनी म्हणूनच सांगून ठेवलं आहे की उपग्रहचित्रासारखं तंत्र दाव्याच्या इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरावं, त्यांच्या जागी नव्हे. नियम माहीत असलेला माणूस समितीत बसलेला असेल तर त्याचा उपयोग होतो.

सामूहिक दाव्यांमध्ये उतरवणीने एक नवंच भांडण जन्माला घातलेलं मी पाहिलं आहे. शेजारच्या दोन गावांनी आपापली हद्द वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या यंत्राने चालून घेतली. मधला भाग एकच: डोंगरीच्या माथ्यावरून जाणारी वाट, तीनेक किलोमीटरची. दोन्ही गावांचं त्या वाटेबद्दल पिढ्यान्‌पिढ्या एकमत. पण दोन रेघा एका पडद्यावर आणल्या तर त्या एकमेकींवर बसेनात. कुठे ही आत, कुठे ती. सरासरी आठ मीटरची पट्टी तीन किलोमीटर धरली तर ती अडीच हेक्टरच्या जवळ जाते. सॉफ्टवेअरने ती लाल रंगात रंगवली आणि तक्त्यात लिहिलं: परस्परव्याप्त क्षेत्र. हा कागद तसाच वर गेला असता तर दोन गावांत हद्दीचा वाद आहे असं सरकारी नोंदीत आलं असतं, आणि नोंदीत आलेला वाद गावात यायला वेळ लागत नाही. हद्दीबाबत परस्परविरोधी दावे असतील तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसावं, असं नियम सांगतात. इथे एकत्र बसण्याऐवजी आम्ही एकत्र चालायला लावलं. दोन्ही समित्या, एक यंत्र, एक दिवस. जी रेघ आली तीच दोन्ही फायलींत घातली. पट्टी शून्य झाली. आता समाईक हद्द कुठल्याही एका गावाची म्हणून मी उतरवतच नाही.

शेवटची तपासणी गावातच होते. नकाशा मोठा छापून गोटुलात किंवा शाळेच्या व्हरांड्यात अंथरला की मंडळी आधी तो फिरवतात. उत्तर वर हा आमचा शिरस्ता. त्यांना नाला ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला नकाशा हवा. फिरवू द्यावं. एकदा तो नाल्याशी जुळला की बोटं भराभर फिरू लागतात. पुरुष बहुधा शेतं आणि मुनारे शोधतात. बायका जंगलाच्या आतल्या कोऱ्या भागाकडे बघतात, कारण मोह, तेंदू, चारोळी वेचायला त्याच तिथे जातात. एका बैठकीत एका आजीने कोऱ्या जागेवर तळवा ठेवला आणि विचारलं, ‘इथं उन्हाळाभर पाणी राहते. हे कायले नाही दाखवलं?’ आम्ही हद्द चाललो होतो. हद्दीच्या आत कुणी गेलं नव्हतं. यंत्र जिथे नेलं नाही ते नकाशात येत नाही, आणि छापील नकाशातली कोरी जागा वाचणाऱ्याला ‘काही नाही’ अशी वाचता येते. त्या पाण्यासाठी दुसऱ्या दिवशी बायकांसोबत वेगळी फेरी केली. निस्तारात वापरली जाणारी गुरांची वाट, देवस्थान आणि बांबूचं बन असं बरंच त्या फेरीत टिंबांवर आलं.

आता हे सगळं मोबाइलवर होतं. चालता चालता रेघ पडद्यावर उमटते, फोटो टिंबाला आपोआप चिकटतो, संध्याकाळी रेंज आली की फाइल जिल्ह्याच्या गावी पोहोचलेली असते. केबल, ड्रायव्हर, सेल सगळं गेलं. मला त्या जुन्या यंत्राबद्दल हळवेपणा नाही. फोनवर मराठीत नावं लिहिता येतात, एवढ्या एका कारणासाठीही मी फोनच निवडीन. पण शेत आणि नकाशा यांच्यामध्ये पूर्वी एक रात्र असायची. ओसरीवर लॅपटॉप उघडलेला असताना घरधनी, त्याची आई, शेजारी येऊन वाकून बघायचे आणि ‘हे इथं वाकडं कसं?’ असं विचारायचे. अर्ध्या चुका तिथे सापडत. ती रात्र गेली आणि तिच्यासोबत तो प्रश्नही जाऊ लागला. आलेली फाइल दूर बसलेला एखादा हुशार मुलगा सफाईने नीट करतो. त्याने कधी ते शेत पाहिलेलं नसतं, आणि गुंता दिसला की त्याचा हात बटणाकडे जातो.

म्हणून आता शिकवताना मी क्रम बदलला आहे. सॉफ्टवेअर दुपारनंतर. सकाळी प्रत्येकाला अनोळखी गावातली, आधीच चाललेली एक कच्ची रेघ देते आणि तिच्यातले गुंते शोधायला सांगते. प्रत्येक गुंत्याला एक प्रश्न लिहायचा: इथे कोण थांबलं, कशासाठी, कोण कबूल झालं. मग ती यादी घेऊन त्या गावात जायचं आणि वही भरून आणायची. चहाचे गुंते खुशाल पुसा. ज्या गुंत्याचं उत्तर मिळालं नाही, त्या कोपऱ्यावरून हद्द काढायची नाही. दाव्यात ‘अनिश्चित’ असं स्पष्ट लिहायचं आणि ग्रामसभेपुढे ठेवायचं. याने काम लांबतं, हे खरं. वरून ‘इतके नकाशे कधी पूर्ण होणार’ असा फोन येतो, तेव्हा मीही चिडते. पण एकदा सही-शिक्क्याचा नकाशा झाला की त्याच्यावर पुढच्या तीन पिढ्या भांडणार किंवा नांदणार आहेत, आणि त्यांच्याकडे आपली जीपीएक्स फाइल नसणार, फक्त रेघ असणार. ती रेघ कुणाच्या सांगण्यावरून काढली, हे आज विचारून ठेवायला जितका वेळ लागतो तितका द्यायचा.